एका दमात १५,३४९ किलोमीटर

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून एक विमान उडतं आणि न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर उतरतं. मध्ये एकही थांबा नाही. अंतर १५,३४९ किलोमीटर. वेळ साधारण १८ तास ४० मिनिटं. थांबा न घेता होणारा जगातला सर्वांत लांबचा नियमित विमानप्रवास तो हाच.

आकडा वाचून झाला, पण डोक्यात शिरला का? नाही ना? पंधरा हजार किलोमीटर म्हणजे नक्की किती, हे कळायला ओळखीच्या गाड्या हव्यात, ओळखीचे रस्ते हवेत, आपल्या विहिरी आणि आपले रुपये हवेत. चला तर, एकेक माप काढू या आणि मोजायलाच बसू या.

पहिलं माप डेक्कन क्वीन. मुंबईचं सीएसएमटी ते पुणे, रेल्वेने १९२ किलोमीटर. पंधरा हजारांत या १९२ किती वेळा बसतात? ऐंशी वेळा! मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, असं ऐंशी वेळा केलं की हिशेब जुळतो. तोही इतका चपखल, की फरक फक्त अकरा किलोमीटरचा. डेक्कन क्वीनला एका खेपेला सव्वातीन तास धरले, तर ऐंशी खेपांना २६० तास लागतील. म्हणजे दहा दिवस आणि वीस तास, तेही गाडी एक मिनिटही न थांबता उलट्या दिशेला वळली तर. विमान हे सगळं पहिल्या दिवसाचे चोवीस तास भरायच्या आत उरकतं.

उलट करून बघू. विमानाच्या या सरासरी वेगाने मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर कापायला किती वेळ लागेल? चौदा मिनिटं. सीएसएमटीहून सुटलेली डेक्कन क्वीन चौदा मिनिटांत कुठे असते? दादरच्या आसपास. कर्जत नाही, घाट नाही, कटलेट नाही. नुसतं दादर! तेवढ्या वेळात विमानाचं पुणं आलंसुद्धा.

मुंबई-पुणे छोटं वाटतं? मग आपल्या देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी घेऊ. दिब्रुगड ते कन्याकुमारी, विवेक एक्सप्रेस. आसामातल्या चहाच्या मळ्यांतून निघायचं आणि देशाच्या दक्षिण टोकाला समुद्र दिसेपर्यंत बसून राहायचं. सुमारे ४,१८९ किलोमीटर, पंचाहत्तर तासांच्या आसपास. तीन रात्री गाडीत. आता असा प्रवास एकदा करा, मग दुसऱ्यांदा करा, मग तिसऱ्यांदा करा, आणि चौथ्यांदा दोन तृतीयांश वाट झाली की उतरा. एवढं केलं की सिंगापूर-न्यूयॉर्क होतं. गाडीत अकरा दिवसांहून जास्त. आपल्या खंडप्राय देशाची सर्वांत लांब रेल्वेवाट त्या एका झेपेत साडेतीन वेळा बसते आणि वर जागा उरते.

गाडी सोडा, पायी चालू या. आळंदी ते पंढरपूर ही वारीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. पंधरा हजारांत अशा एकसष्ट वाऱ्या मावतात. वर्षाला एक वारी. म्हणजे एखाद्या पोराने वयाच्या दहाव्या वर्षी आजोबांचं बोट धरून पहिली वारी केली, पुढे एकही वर्ष चुकवलं नाही, लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, दरवर्षी पाऊल वाटेवर पडतच राहिलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर कधीतरी त्याचं चालणं या एका उड्डाणाएवढं भरेल. उभ्या आयुष्याची पायवाट आणि पावणेएकोणीस तासांची खुर्ची!

अंतर झालं, आता वेग. तासाला सुमारे ८२० किलोमीटर ही सरासरी. मिनिटाला पावणेचौदा. सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या वर. हे विमान जवळजवळ ६७ मीटर लांब आहे, आपल्या एलएचबी गाडीचे तीन डबे जोडले तर त्याहून थोडंसंच आखूड. आणि आपली पापणी लवायला सेकंदाचा एक तुकडा लागतो, ढोबळ एक तृतीयांश. तुम्ही पापणी मिटली आणि उघडली, तेवढ्यात ते अख्खं धूड आपल्या स्वतःच्या लांबीएवढं पुढे सरकलेलं असतं. सबंध प्रवासभर, सदुसष्ट हजारांहून जास्त सेकंद, हेच चालू.

उंची? आपलं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एका कळसूबाईच्या माथ्यावर दुसरी ठेवा, तिच्यावर तिसरी, अशा सात कळसूबाया रचा. साडेअकरा किलोमीटर झाले. आता विमानाच्या बरोबरीने आलात. बाहेर उणे पन्नास अंशांच्या खाली थंडी. आत कुणीतरी चादर ओढून चित्रपट बघतंय आणि चहा गरम नाही म्हणून कुरकुरतंय.

आणि आता खरी गंमत. हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं, ते इंधन.

या प्रवासासाठी एअरबसने ए-३५०-९०० या विमानाची खास लांब पल्ल्याची आवृत्ती बनवली. तिच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. एक लाख पासष्ट हजार लिटर! नेहमीच्या विमानात १,४१,००० लिटर मावायचं. हे चोवीस हजार लिटर जास्तीचं, म्हणजे आपल्या पेट्रोलपंपावर येणारे बारा हजार लिटरचे दोन टँकर नुसते वाढीव. एकूण टँकर मोजले तर चौदा. चौदा टँकर एकामागे एक उभे राहिले, की रांग पंपाच्या फाटकातून बाहेर पडून हमरस्त्यावर येईल. एवढं सगळं दोन पंखांत आणि पोटात.

विहिरीत ओतून पाहू? सहा मीटर व्यासाची, म्हणजे वीस फूट रुंद, गावातली चांगली ऐसपैस बांधीव विहीर घ्या. हे इंधन तिच्यात ओतलं तर एकोणीस फूट उभं राहील. तीन पुरुष पाणी म्हणतात ना, तेवढं. उन्हाळ्यात एवढं पाणी विहिरीला टिकलं, तर गाव देवाला नारळ फोडतं.

गावाचंच माप लावू. जलजीवन मिशनचा निकष आहे माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा. एक लाख पासष्ट हजार लिटर भागिले पंचावन्न. उत्तर बरोबर तीन हजार. तीन हजार वस्तीच्या गावाचं आंघोळ, स्वयंपाक, धुणीभांडी, पिणं, सगळं धरून एका दिवसाचं पाणी जेवढं, तेवढं इंधन एका विमानाच्या टाकीत.

वजन ऐकायचंय? सुमारे १३० टन. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ हे इंजिन, जे चोवीस डब्यांची लांबलचक गाडी ओढत नेतं, त्याचं वजन १२३ टन. म्हणजे विमानातलं नुसतं इंधनच रेल्वेच्या अख्ख्या इंजिनापेक्षा जड! पूर्ण भारासकट या विमानाला जास्तीत जास्त २८० टन घेऊन उडता येतं. टाक्या काठोकाठ असतील, तर त्यातलं जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं. विमान उडतं तेव्हा ते बरंचसं आपली स्वतःची शिदोरीच वाहत असतं. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन निघावं आणि वाटेत स्वतःच तो पिऊन संपवावा, तसं काहीसं.

म्हणून तर माणसं कमी. नेहमीच्या ए-३५०-९०० मध्ये तीनशेच्या वर माणसं बसू शकतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या या विमानात आसनं फक्त १६१. त्यातली ६७ बिझनेस क्लासची, ९४ प्रीमियम इकॉनॉमीची. साधी इकॉनॉमी नाहीच. आपल्या थ्री-टायर एसीच्या सव्वादोन डब्यांत मावतील एवढी माणसं, आणि त्यांच्यासाठी चौदा टँकर!

रुपयांत सांगू? विमानाच्या इंधनाचा भाव रोज वेगळा, म्हणून हिशेबापुरता आपल्या ओळखीचा, पंपावरच्या पेट्रोलचा ढोबळ शंभर रुपये लिटर धरू. टाकी फुल्ल करायला किती? एक कोटी पासष्ट लाख रुपये. पाचशेच्या नोटांत ३३,००० नोटा. शंभर नोटांचं एक बंडल धरलं तर ३३० बंडलं. पंपावरच्या पोराने हातात पाइप घेऊन ‘झीरो बघा साहेब’ म्हणावं आणि मीटर दीड कोटीच्या पुढे जाईस्तोवर आपण उभंच राहावं.

आणि ॲव्हरेज? हा प्रश्न तर मराठी माणूस रॉकेटबद्दलही विचारेल. किती देते? विमान एका लिटरमध्ये जातं ९३ मीटर. शंभर मीटरची शर्यत लावली, तर शेवटची रेघ सात मीटर उरली असताना लिटर संपलं. काय हे ॲव्हरेज!

थांबा, नावं ठेवायची घाई नको. आत १६१ माणसं आहेत. त्यांच्यात वाटून बघा. भरलेली टाकी पूर्ण रिकामी झाली असं धरलं, तरी माणशी एका लिटरला पंधरा किलोमीटर पडतात. पंधरा! एकट्याने मोटार घेऊन मुंबईहून पुण्याला निघालात, की तुमची गाडी साधारण हेच देते. म्हणजे सात कळसूबाया उंच, तासाला आठशेच्या वेगाने, रेल्वे इंजिनापेक्षा जड इंधन घेऊन, प्रशांत महासागर ओलांडून, गाद्यागिरद्यांसह, आणि ॲव्हरेज एक्स्प्रेस-वेवरच्या एकट्या मोटारीएवढं. आता सांगा, कोण उधळ्या?

बरं, हे विमान सरळ जातं का? सरळ वाट तर भलतीच आहे. सिंगापूर आणि न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या गोळ्यावर जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. दोन रेखांशांतलं अंतर १७७ अंशांहून जास्त. गोलकावर दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून बघा, तो वर सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जातो. विषुववृत्ताला चिकटलेल्या, बारा महिने घामाघूम असलेल्या सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायची सर्वांत जवळची वाट पांढऱ्या अस्वलांच्या मुलखातून! पण आकाशात वारेही आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे, तासाला दोनशे-तीनशे किलोमीटरने धावणारे. ते पाठीशी मिळावेत म्हणून वैमानिक मुद्दाम वळसा घेतात, दोऱ्यावरचं अंतर सोडून जास्त उडतात, आणि तरी वेळ वाचवतात. जाताना प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे. येताना कित्येकदा अटलांटिक आणि युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच. म्हणजे बघा, जायलाही पूर्व, यायलाही पूर्व. परतीचं तिकीट काढलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा पदरात पडली. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळा आणि येताना कोलकाता लागावं, असा हा प्रकार.

घड्याळ तर या प्रवासात वेडंच होतं. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत बरोबर बारा तासांचा फरक. सिंगापूरला रात्रीचे बारा, न्यूयॉर्कला दुपारचे बारा. काट्यांचं घड्याळ असेल तर ते लावायचीच गरज नाही! सिंगापूरहून मध्यरात्री बाराला निघालात, १८ तास ४० मिनिटं उडालात, तर उतरताना न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेची सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं. दोन वेळा जेवलात, झोपलात, चार चित्रपट पाहिलेत, आणि कॅलेंडरच्या लेखी फक्त पावणेसात तास गेले. येताना मात्र कॅलेंडर व्याजासकट वसूल करतं. सोमवारी रात्री साडेदहाला निघालात, तर सिंगापूरला उतरताना बुधवारची पहाट. मंगळवार कुठे गेला? तुम्ही जमिनीवर पाय ठेवलाच नाहीत, तेवढ्यात तो होऊन गेला.

आपल्याकडेही अशी एक झेप झाली. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरूला आलं. सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास, आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली. ९ जानेवारीच्या रात्री निघालेलं विमान उतरलं ११ जानेवारीच्या पहाटे. आणि ज्यांच्या घरातलं कुणी न्यू जर्सीला राहतं, त्यांना मुंबई-न्यूयॉर्क ठाऊकच आहे. तेही साडेबारा हजार किलोमीटर. पासष्ट डेक्कन क्वीन. आई लाडवांचा डबा बांधून देते ना, तो डबा एवढी वाट चालतो.

हे सगळं किती लवकर झालं, तेही मोजू. १७ डिसेंबर १९०३. राइट बंधूंची पहिली झेप बारा सेकंदांची, साडेछत्तीस मीटरची. आजच्या या विमानाच्या आतच ती पूर्ण झाली असती. शेपटीकडून धावत निघायचं आणि मधल्या रांगेपाशी उतरायचं! १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या इवल्याशा पुस मॉथ विमानामध्ये टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला आले. १९४७ साली सिडनीहून लंडनला निघालेलं क्वांटासचं विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असं थांबत थांबत चार दिवसांनी पोहोचलं. आणि १९४८ चा जून तर बघाच. १ जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. ८ जूनला, बरोबर एका आठवड्याने, एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. आपली लाल एसटी आणि आपलं परदेशी जाणारं विमान, दोघांच्या वयात एका आठवड्याचं अंतर!

तिथून सिंगापूर-न्यूयॉर्क. २००४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कला थेट विमान सुरू केलं, चार इंजिनांचं. इंधन इतकं प्यायचं की २०१३ मध्ये ते बंद करावं लागलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या नव्या विमानाने तीच वाट पुन्हा धरली. प्रत्येक इंजिनाच्या तोंडावरचा पंखा तीन मीटर व्यासाचा, आपल्या दिवाणखान्यातल्या पंख्याच्या अडीचपट. नोव्हेंबर २०२० पासून थेट केनेडी विमानतळ. राइट बंधूंच्या त्या साडेछत्तीस मीटरच्या चार लाख वीस हजार पट. एकशे सतरा वर्षांत!

आता एक शेवटचा गुणाकार करू आणि मग दम खाऊ. रोज एक विमान जातं, एक येतं असं धरा. अशी पंचवीस उड्डाणं झाली की किती होतात? तीन लाख ८३ हजार ७२५ किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी तीन लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे या एका मार्गावरची विमानं तेरा दिवसांत चंद्राला टेकतात. पंधरवडा उलटायच्या आत! वर्षाला एक कोटी बारा लाख किलोमीटर. आणि सूर्य? पंधरा कोटी किलोमीटर. साडेतेरा वर्षंसुद्धा लागणार नाहीत. पहिलीत बसलेलं पोर कॉलेजातून बाहेर पडायच्या आत एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी-येणारी विमानं सूर्यापर्यंतचं अंतर कापून मोकळी.

मग याहून लांब जाता येईल का? क्वांटासने सिडनी-लंडन एका झेपेत करायची तयारी चालवली आहे, सुमारे १७,००० किलोमीटर. १९४७ चे ते चार दिवस आता एका दिवसाच्या आत येणार. त्यापुढे? त्यापुढे गोष्ट अडते, कारण पृथ्वीच संपते. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणून तिच्यावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये जवळच्या वाटेने वीस हजारांपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. मुंबईच्या अगदी उलट टोकाला काय आहे ठाऊक आहे? प्रशांत महासागर. पाणीच पाणी, आणि ईस्टर बेट तिथून नऊशेएक किलोमीटरवर. उतरायला जागासुद्धा नाही.

आणि सिंगापूरच्या या विमानाचा पल्ला, म्हणजे भरल्या टाकीवर जास्तीत जास्त जाता येईल ते अंतर, किती? १८,००० किलोमीटर. पृथ्वीवरचं सर्वांत मोठं शक्य अंतर वीस हजार. वजाबाकी करा. उरले दोन हजार किलोमीटर. मुंबई ते हावडा, नागपूरमार्गे, १,९६८ किलोमीटर! या विमानाला एका झेपेत अख्खी पृथ्वी आवाक्यात घ्यायला आता फक्त एका हावडा मेलएवढी वाट कमी पडते. ती वाट भरून निघाली, की लांबच्या विमानप्रवासाचा विक्रम कायमचा बंद. मोडायला कुणी तयार असेल, पण अंतर शिल्लक नसेल.